बिनडिस्कचा बोलका डबा

संपादकांचा फोन आला. "सुधीरराव, कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात आयुष्य काढलंत, काही गमतीजमती लिहा की. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं." मी हो म्हणालो. गमती माझ्याकडे पोत्याने आहेत. पण लिहायला बसलो की दर वेळी एकच गोष्ट वर येते आणि तिची काही केल्या गंमत होत नाही. तेव्हा आधीच सांगून ठेवतो, मी चिडलेला आहे. चकली खात खात वाचणाऱ्यांनी हवं तर पान उलटावं.

माझी पहिली चीड एका शब्दावर आहे, 'भंगार'. नाशकात ज्या ज्या ऑफिसात मी पाऊल ठेवलं, तिथे कुणी ना कुणी माझ्या कामाला भंगार म्हणालंच. बंद पडलेला पंखा लोक माळ्यावर जपून ठेवतात, कधीतरी उपयोगी पडेल म्हणून. आणि बिनबोभाट चालणारा प्रोग्राम मात्र जुना दिसतो एवढ्यासाठी उचलून फेकतात. हे मला आजवर कुणी समजावून सांगू शकलेलं नाही.

धंदा काय, ते सांगतो. पूर्वी दुकानांत, गोदामांत, गिरण्यांत काळ्या पडद्याचे प्रोग्राम असत. माउस नाही, चित्रं नाहीत, फक्त अक्षरं आणि कीबोर्ड. लिहिणारे बहुतेक आपल्याच गावातले. त्यातले कुणी परदेशी गेले, कुणी देवाघरी. प्रोग्राम मात्र राहिले, कारण ते त्या त्या धंद्याच्या मापाने शिवलेले होते. अडचण अशी, की ते ज्या डॉस नावाच्या जुन्या प्रणालीवर चालत ती नव्या मशीनवर चालेना. मग मी एका बऱ्यापैकी मशीनवर लिनक्स ही दुसरी प्रणाली टाकायचो आणि लिनक्सच्या पोटात डॉसचा देखावा उभा करायचो. जुना प्रोग्राम त्या देखाव्यात खुशाल नांदायचा. बाहेर जग बदललंय याचा त्याला पत्ताही नसायचा.

हे मशीन म्हणजे सर्व्हर. बाकीच्या टेबलांवर ठेवायचे नुसते डबे. डब्यात डिस्क नाही, म्हणजे त्याच्याजवळ स्वतःचं साठवलेलं काहीच नाही. बटण दाबलं की तो तारेवरून सर्व्हरला हाक मारतो, सर्व्हर त्याला लागेल ते वाढतो आणि डबा कामाला लागतो. स्वयंपाकघर एक, पंगतीत ताटं हवी तेवढी. एखादं ताट फुटलं तर दुसरं मांडायचं, स्वयंपाक काही सांडत नाही.

विंचूरच्या एका कांदा व्यापाऱ्याकडे कॉम्प्युटर उघडला की आत कांद्याची टरफलं निघायची. पंखा टरफलं ओढायचा, ती अडकायची, मशीन तापून बसायचं. तिथे मी बिनपंख्याचे, बिनडिस्कचे डबे बसवले आणि सर्व्हर मालकाच्या घरी माडीवर ठेवला. त्यांचा जुना माणूस डब्याकडे बघून म्हणाला, "लय गुणाचा हाय बघा ह्यो. खात नाय, पीत नाय, आन काम करतोय." माझ्या कामाची इतकी मोजकी तारीफ पुन्हा कुणी केली नाही.

इगतपुरीच्या भातगिरणीत उलटा प्रकार. तिथे ओल इतकी, की पावसाळ्यात कीबोर्डवर बुरशी यायची. मी गेलो तर मालकांनी कॉम्प्युटरला चक्क घोंगडी पांघरलेली. म्हणाले, "गारठतंय ओ ते." मी कपाळावर हात मारला. म्हटलं, काका, मशीनला थंडी वाजत नाही, ते गुदमरतं. पाठीमागे जिथून गरम हवा बाहेर येते ती बाजू मोकळी ठेवा, बाकी काही करू नका. तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला मी जाताना हेच सांगत आलो, पाठ मोकळी ठेवा. घोंगडीवाल्या काकांना ते कळलं. पुण्यात जाऊन मॅनेजमेंट शिकून आलेल्यांना कळलं नाही.

आता मुद्द्यावर येतो.

गोळे कॉलनीत, जिथे औषधांचे ठोक व्यापारी आहेत, तिथल्या एका पेढीचं काम माझ्याकडे होतं. नाव घेत नाही. ऑर्डरच्या टेबलावर मंदाताई बसायच्या. पेठ, सुरगाणा, दिंडोरी, इगतपुरी, कुठून कुठून मेडिकलवाल्यांचे फोन येत. "ताई, साप चावल्याची इंजेक्शनं हायेत का? आत्ताच्या गाडीनं पाठवा." ताई फोन खांद्याला धरून दोन-तीन अक्षरं टाइप करायच्या, एंटर, आकडा, एंटर, आणि पुढचा फोन.

ताईंच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार आहे. नजर कडेकडून मिटत येते. नळीतून बघावं तेवढं समोरचं दिसत राहतं, आणि पुढे तेही पुसट होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, यावर औषध नाही. औषधांच्या पेढीत बसून बाईने हे ऐकून घेतलं. मला म्हणाल्या, "भाऊ, अक्षरं जरा मोठी होतील का?" मी केली. काळ्यावर पिवळी, टपोरी. काही वर्षांनी तीही दिसेनात.

तेव्हा मी एक करामत केली. प्रोग्रामला हात लावला नाही. पडद्यावर अमुक शब्द उमटला की डब्यातल्या छोट्या भोंग्याने अमुक आवाज काढायचा, एवढंच सर्व्हरला शिकवलं. माल असला तर एक बारीक बीप. नसला तर दोन जाड. मुदत संपत आली असेल तर तीन भराभर. ताईंनी दोन दिवसांत ते कानात बसवलं आणि पडद्याकडे बघायचं सोडून दिलं. आम्ही त्याला बोलका डबा म्हणायचो.

एकदा चहा घेताना त्या म्हणाल्या, "मखमलाबादला आमची झेंडूची शेती. तिथं सगळे मला जपतात. बांधावर बसवतात, पाण्याचा पेला हातात आणून देतात. वाईट नाही हो कुणी. पण तिथं मला बसवलेलं असतं. इथं मी बसते." हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. पुढचा सगळा राग त्यातून आला आहे.

मोठे शेठ थकले आणि पुण्याहून मॅनेजमेंट शिकून आलेला त्यांचा मुलगा हर्षल गादीवर आला. त्याला मी शाळेच्या गणवेशात पाहिलेला. तो मला 'अंकल' म्हणतो. आल्या आल्या त्याने ऑफिसचा चेहरामोहरा बदलायला घेतला. काचा आल्या, दिवे आले, आतल्या खोलीत शोभेचं कारंजं आलं. कोपऱ्यात उघड्यावर असलेला सर्व्हर त्याच्या डोळ्यांत खुपायला लागला. सुताराकडून त्याने गुळगुळीत दाराचं कपाट करून घेतलं आणि सर्व्हर आत कोंबला. तारा दाराच्या बाजूने येत होत्या, म्हणून सुताराने मशीनच फिरवलं. तोंड भिंतीकडे, पाठ दाराकडे.

मी म्हटलं, "हर्षल, दाराला जाळी लाव, निदान ते उघडं ठेव. पाठ मोकळी पाहिजे."

"अंकल, जाळी लावली तर कपाट कशाला केलं मग?"

मी पुन्हा सांगितलं, त्याने पुन्हा मान डोलवली आणि दार बंदच राहिलं.

मग दसरा आला. आपल्याकडे दसऱ्याला यंत्रांची पूजा होते, हे काही सांगायला नको. वजनकाट्यापासून मोटारसायकलपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. त्या पेढीत हार दर वर्षी मंदाताई आणायच्या, घरच्या शेतातल्या फुलांचे, स्वतः ओवलेले. डोळ्यांनी दिसेना तरी बोटांना फूल कळायचं. चांगला मनगटाएवढा जाड हार सर्व्हरसाठी वेगळा असे. "हा आमच्या सगळ्या डब्यांचा बाप," म्हणायच्या. दर वर्षी त्या मशीनच्या वरच्या कडेला हात लावून अंदाज घेत आणि हार समोरून सोडत. त्या वर्षीही त्यांनी कपाटाचं दार उघडलं, हाताने कड चाचपली आणि हार सोडला. समोर आता मशीनची पाठ आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. पूजा झाली, पेढे वाटले, कुणीतरी दार लावून घेतलं आणि सगळे घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडलं तर एकही डबा चालू होईना. साहजिक आहे. स्वयंपाकघरालाच कुलूप, ताटात काय पडणार? मला फोन आला, मी तसाच स्कूटर काढून गेलो. फोन वाजत होते, पोरं इकडून तिकडे पळत होती. कपाटाचं दार उघडलं तर भट्टीसारखी वाफ अंगावर आली आणि करपलेल्या झेंडूचा वास. हार पंख्याच्या तोंडावर घट्ट बसला होता, पाकळ्या आत ओढल्या गेल्या होत्या. मशीन मात्र शहाणं. फार तापलं तेव्हा स्वतःच बंद होऊन बसलं होतं. हार काढला, पाकळ्या वेचल्या, जरा निवू दिलं, बटण दाबलं. सगळं जसंच्या तसं सुरू झालं. एक बिल हरवलं नाही, एक ऑर्डर हरवली नाही.

हर्षल कमरेवर हात ठेवून उभा होता. "काय झालं होतं?"

मी सगळ्यांसमोर सांगितलं. "मशीन उलटं ठेवलंय. कपाटाचं दार बंद आहे. आणि पाठीवर हार पडला. यातली पहिली गोष्ट नसती तर तिसरी झालीच नसती."

त्याने तिन्हींतली नेमकी स्वतःची नसलेली उचलली. "म्हणजे ताईंच्या हारामुळे सिस्टीम गेली." आणि लगेच दुसरं, "पण जी सिस्टीम एका हाराने बंद पडते, ती ठेवायचीच कशाला? भंगार आहे नुसतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "अरे, तुझ्या नव्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये बोळा कोंबून ती चालवून बघ एकदा!" तो हसला. त्या हसण्याचा राग अजून गेलेला नाही. मंदाताई टेबलावर बसून सगळं ऐकत होत्या. फोन वाजत होता, तो त्यांनी उचलला नाही. त्यांना फोन वाजू देताना मी पहिल्यांदाच बघितलं.

महिन्याभरात नवी सिस्टीम आली. सगळं इंटरनेटवर, रंगीत, माउसने चालणारं. वाईट नसेल, मी तिच्या गुणदोषांत शिरत नाही. पण अक्षरं मुंगीएवढी आणि कीबोर्डवरून काही होत नाही. ताई माउस धरून विचारायच्या, "बाण कुठं गेला, भाऊ?" पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम मी टाकून पाहिला. नव्या सिस्टीमवाल्यांनी बटणांना आतून नावंच दिलेली नव्हती. त्यामुळे तो प्रोग्राम बिचारा 'बटण, बटण, बटण' एवढंच म्हणत बसला. मी कंपनीला फोन केला. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, तुमची सूचना नोंदवून घेतली आहे." ती नोंद कुठे गेली ते तिलाच ठाऊक.

मी हर्षलला म्हटलं, एक डबा राहू दे. ताई जुन्या पडद्यावर ऑर्डर घेतील आणि ती आपोआप तुझ्या नव्या सिस्टीममध्ये जाऊन पडेल. नुसतं बोललो नाही, करून दाखवलं. ताईंनी सुरगाण्याची ऑर्डर घेतली, बारीक बीप वाजला, आणि हर्षलच्या रंगीत पडद्यावर ती हजर. त्याने स्वतः पाहिली.

"अंकल, चालतंय, मान्य आहे," तो म्हणाला. "पण औषध कंपन्यांचे लोक व्हिजिटला येतात. एन्ट्रीलाच हा काळा स्क्रीन आणि टूंटूं आवाज... इमेज जाते हो."

"टेबल आत हलव मग."

"आत जागा कुठाय?"

आत कारंजं होतं. झुळझुळ वाहत होतं. त्याचा आवाज त्याच्या इमेजला चालत होता. मी दात-ओठ खात बाहेर आलो. चालत नाही म्हणून काढलं असतं तर मी गप्प बसलो असतो, पण हा पठ्ठ्या 'चालतंय, मान्य आहे' म्हणून काढत होता.

आणि मग सत्कार. कुणाला घालवायचं असेल तर आपल्याकडे भांडत नाहीत, शाल घालतात. डबे जिन्याखाली गेले होते. मंदाताईंना मधोमध खुर्ची मांडली. हर्षल बोलला, "ताई म्हणजे आमच्या घरातल्याच. खूप केलं त्यांनी पेढीसाठी. आता त्यांनी आराम करावा अशी आमची इच्छा आहे." टाळ्या झाल्या. 'आराम' हा दुसरा शब्द, ज्याच्यावर माझी चीड आहे. ताईंनी आराम कधी मागितला? शाल, श्रीफळ आणि चकचकीत कागदात गुंडाळलेली भेट त्यांच्या हातात देऊन फोटो काढले. आभाराचे दोन शब्द बोला म्हटल्यावर ताई उभ्या राहिल्या. "दसऱ्याला माझ्या हारामुळे सगळ्यांना त्रास झाला, तेवढं माफ करा," म्हणाल्या आणि खाली बसल्या. कुणीही, एकानेही, 'नाही ताई, तुमची चूक नव्हती' असं म्हटलं नाही. मी म्हणालो. जरा मोठ्यानेच म्हणालो. तोवर समोसे फिरायला लागले होते.

संध्याकाळी कमी उजेडात त्यांना अजिबात दिसत नाही, म्हणून मी त्यांना स्कूटरवर घेतलं. पुलाच्या अलीकडे सिग्नलला थांबलो तर मागून म्हणाल्या, "भाऊ, हे काय दिलंय बघा ना."

मी कागद जरा फाडला. "भिंतीवरचं घड्याळ आहे, ताई."

त्यांनी ते कानाला लावलं. बराच वेळ धरून ठेवलं. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न मारायला लागले.

"सेल घातलेला नाही का?"

"आहे. काटा फिरतोय. नवी घड्याळं आवाज करत नाहीत."

त्यांनी घड्याळ कानापासून काढलं. मग म्हणाल्या, "गाडी वळवा."

"ताई, जाऊ द्या."

"वळवा म्हणते ना."

हर्षल अजून ऑफिसातच होता, फोनवर फोटो बघत. ताई हात पुढे धरून ओळखीच्या वाटेने सरळ काउंटरपर्यंत गेल्या आणि घड्याळ ठेवलं. "हर्षलदादा, हे मला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. तुमच्याकडं राहू द्या. मला माझा डबा द्या."

"कुठला डबा?" त्याला खरंच कळलं नव्हतं.

"जिन्याखाली टाकलाय तो."

"अहो ताई, ते भंगार आहे. खुशाल न्या."

"भंगार आहे का, असं मी विचारलं नाही," ताई म्हणाल्या. बास, एवढंच. हर्षलने घड्याळ उचललं आणि ठेवायला जागा शोधायला लागला.

मी डबा, कीबोर्ड आणि पडदा काढून आणला. ताईंनी अंगावरची शाल काढली आणि डबा तिच्यात गुंडाळून मांडीवर घेतला. आयुष्यभर लोकांना मशीन गुंडाळू नका म्हणून ओरडणारा मी, पण त्या शालीचं सुटलेलं टोक मीच आत खोचून दिलं.

वाटेत मात्र मला सांगावं लागलं. "ताई, सर्व्हर दुपारीच भंगारवाल्याच्या टेम्पोत गेला. त्याच्याशिवाय हा काही करू शकत नाही. याच्याजवळ स्वतःचं काही नसतं."

"लावून तर बघा."

मखमलाबादला त्यांच्या पडवीत फुलं निवडायच्या टेबलावर मी डबा मांडला. घरचे कौतुकाने जमले. बटण दाबलं. एक बीप वाजला. ताईंचा चेहरा एकदम उजळला, पण तो बीप कुठलाच नव्हता. ना माल असल्याचा, ना नसल्याचा. डबा नुसता जागा झाल्याचा. पडद्यावर टिंबं उमटायला लागली. एक, मग एक, मग आणखी एक.

"आता काय करतोय?" ताईंनी विचारलं.

"सर्व्हरला हाका मारतोय. सापडेपर्यंत मारत राहतो. बंद करू का?"

"नको. शोधू द्या त्याला. उद्यापासून मलाही तेच करायचंय."

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. प्रोग्रामची प्रत माझ्याजवळ आहे, दुसरा सर्व्हर मी उभा करून ठेवला आहे, बीप तपासून ठेवले आहेत. विंचूरला विचारलं, इगतपुरीला विचारलं, अर्ध्या नाशकाला विचारून झालं. सगळे चांगले आहेत, सगळे हळहळतात, सगळे 'बघतो, कळवतो' म्हणतात. ताई बांधावर बसून आहेत. पाण्याचा पेला हातात येतो.

तेव्हा संपादकमहाशय, ही काही गंमत नाही, ही जाहिरात आहे. तुमच्या वाचकांत कुणाचं दुकान असेल, गोदाम असेल, फोनवर ऑर्डर घेणारं माणूस हवं असेल, तर अंकाच्या पत्त्यावर कळवा. हळहळ कळवू नका, ती भरपूर जमली आहे. एक टेबल द्या आणि एक फोन द्या. डबा आमचा आम्ही आणू.